टाळ-वीणा घेऊन ख्रिस्ताच्या दारी
रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे आषाढी एकादशीनिमित्त पुण्यस्मरण

आषाढ शुद्ध एकादशीचा दिवस मावळतीला लागला, की वरळीच्या बीडीडी चाळीतील मधल्या लांबलचक पॅसेजमध्ये सतरंज्या अंथरल्या जात. एका मजल्यावर २० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. तीत माणसे मावणार किती आणि देव बसणार कोठे, असा प्रश्न परक्यास पडावा. परंतु उपवासाचा फराळ आटोपला, पेटीचा सूर लागला, मृदंगावर थाप पडली आणि टाळ घुमू लागले, म्हणजे त्या चिंचोळ्या जागेलाच चंद्रभागेच्या वाळवंटाची कळा येई. गिरणीची पाळी संपवून आलेला कामगार हातपाय धुऊन तसाच भजनात येऊन बसे आणि दिवसभराचा शीण विठ्ठलाच्या नामात विरून जाई.

१९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या विकास खात्याने कामगारवर्गासाठी या चाळी उभारल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती झाल्या. रत्नागिरी-सातारा भागांतून पोटासाठी मुंबईस आलेल्या माणसांनी त्या भरल्या आणि वळकटीबरोबर आपापल्या गावचे भजनही आणले. आता त्या इमारतींच्या जागी गगनचुंबी मनोरे उभे राहत आहेत. २०२५ साली पहिल्या काही कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. जागा बदलली, तरी अभंग आपली जागा शोधून घेईलच.

या अभंगाचा एक विशेष चाळीतील माणसास सहज उमगतो. एका पॅसेजवर कितीतरी दारे उघडतात आणि त्या दारांआड निरनिराळ्या जातींचे व धर्मांचे संसार नांदतात. भजनाचा सूर मात्र दारावरची पाटी वाचून आत शिरत नाही. तो सर्वांच्या कानी पडतो आणि कोणाच्या अंतःकरणात तो कोणते बीज रुजवील, हे गाणाराही सांगू शकत नाही. तुकोबांचा अभंग असाच एका कोकणस्थ ब्राह्मणाच्या मनात रुजला. ते रोप वाढून ज्या अंगणात फुलले, ते आपले नव्हते. परंतु फुलास गंध होता तो इंद्रायणीकाठचा. त्या पुरुषाचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. चाळीची पहिली वीट रचली जाण्यापूर्वीच, १९१९ साली, त्यांनी याच मुंबई नगरीत देह ठेवला.

मातेचा वियोग आणि विद्येचा ध्यास

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. पिता वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कठोर. माता जानकीबाई प्रेमळ व धर्मशील. कवित्वाचा आणि भक्तीचा वारसा नारायणास मातेकडूनच लाभला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु हे मातृसुख अल्पायुषी ठरले. नारायण अकरा-बारा वर्षांचा असतानाच जानकीबाई निवर्तल्या आणि त्या पोरक्या मुलाने घराचा आसरा सोडून नाशिकची वाट धरली. गणेशशास्त्री लेले यांच्या चरणांपाशी बसून त्याने संस्कृत विद्या संपादन केली. पुढे इंग्रजी शिक्षणही थोडेफार झाले. परंतु परिस्थितीमुळे ते पुरे होऊ शकले नाही. पदवी नसलेल्या या तरुणाजवळ संस्कृतचा व्यासंग, ओघवती वाणी आणि काव्यरचनेची उपजत देणगी एवढेच भांडवल होते.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ही त्यांची पत्नी झाली. याच पुढे मराठी वाङ्मयात अमर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. माहेरी सोवळ्याओवळ्याचे कडकडीत राज्य. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे तर इतके पराकोटीचे, की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे. अशा घरातून आलेल्या या बालिकेस पती मिळाला तो असा, की ज्याचे पाऊल एका गावी ठरत नव्हते आणि ज्याच्या हाती आलेला पैसा सायंकाळपर्यंत दुसऱ्याच्या घरी गेलेला असे. कोणी गरजू भेटला की टिळकांस आपल्या घरातील रिकाम्या डब्यांची आठवण राहत नसे.

नोकऱ्या धरीत-सोडीत ते नागपुरास आले. तेथील धनिक विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथांचे काम केले आणि धर्मचर्चेस वाहिलेले ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. परंतु बाहेर धर्माची चर्चा चालू असता अंतरी एक प्रश्न त्यांना पोखरीत होता. माणसामाणसांत उच्चनीच भाव न ठेवणारा आणि देशाला एक करणारा धर्म कोठे आहे? संतांनी देवाच्या दारी सर्वांना समान लेखले. पण ती समता गावच्या पाणवठ्यापर्यंत का पोचली नाही? हा प्रश्न त्या काळी पुष्कळांना पडला होता. टिळकांस त्याने झोप लागू दिली नाही.

आगगाडीतील सहप्रवासी

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावी चालले असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. बोलण्याच्या ओघात काव्याचा विषय निघाला, मग धर्माचा निघाला. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. ते पुस्तक वाचीत असता टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळले. शत्रूवरही प्रेम करण्याचा तो उपदेश त्यांच्या हृदयाच्या गाभ्यात शिरला. तुकोबांच्या अभंगांनी जी भूमी नांगरून ठेवली होती, तीतच हे बीज पडले. पुढे टिळक स्वतः सांगत, की तुकोबा हा आपला सेतू; त्यावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो.

मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. हे ॲबटसाहेबही मोठे मराठीचे अभ्यासक. महाराष्ट्रातील संतकवींची चरित्रे व काव्ये त्यांनी पुढे एका ग्रंथमालेच्या रूपाने इंग्रजीत नेली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता देशी पाळकाच्या हातून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला होता. आपण धर्म बदलतो आहोत, देश बदलीत नाही, हे त्यांना पहिल्याच पावली जगास दाखवावयाचे होते.

उजाड झालेला संसार

परंतु पहिल्या पावलाखाली एक घर चिरडले गेले. लक्ष्मीबाई त्या वेळी पदरी लहानगा दत्तू घेऊन नातलगांकडे राहत होत्या. पतीने धर्म सोडल्याची वार्ता येताच घरात मृत्यूची कळा पसरली. पती जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरीही संसार उद्ध्वस्त! त्या स्त्रीच्या दुःखास नाव तरी काय द्यावे? काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या. विठुरायाच्या नगरीत, आषाढीच्या गजराने आकाश कोंदले असता, पतीच्या आठवणीने झुरणारी ती सुवासिनी डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे धर्मांतर या शब्दाची किंमत कोणाला मोजावी लागली, हे कळते. टिळकांच्या थोरवीचे गुणगान करताना या अश्रूंचा हिशेब बाजूस ठेवणे न्यायाचे होणार नाही. ज्याने समतेसाठी घर सोडले, त्याने घरातल्या माणसाला विश्वासात घेतले नव्हते.

टिळकांनीही हा वियोग भोगला. त्यांनी दुसरा संसार थाटला नाही. पत्रे लिहिली, कविता लिहिल्या आणि वाट पाहिली. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. पण आपले सोवळे व आपली चूल वेगळी राखूनच! टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एके दिवशी मात्र लक्ष्मीबाईंच्याच मनाने घेतले, की जातिभेद ही देवाची निर्मिती नसून माणसाची आहे. त्या विचाराबरोबर सोवळ्याचे बंधन आपोआप गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्या घरातील ही लेक पुढे दुष्काळात आणि साथीच्या रोगांत अनाथांची माय झाली. आपल्या या सर्व आयुष्याची कथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला हा ग्रंथ, पतीचे गुण व दोष दोन्ही हसत-रडत सांगणारा, मराठीचे लेणे ठरला आहे.

गाणे कोणाचे?

टिळकांचे वास्तव्य बहुतांश अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाले. तेथील धर्मविद्यालयात ते शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. उपासनेस बसले असता त्यांच्या कवीच्या कानास एक गोष्ट बोचे. देव मराठी माणसाचा, भक्त मराठी, पण गाणी मात्र पुष्कळशी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे, आणि तीही परक्या चालींवर ओढूनताणून बसविलेली. ख्रिस्ती कीर्तनाची पायवाट नगरकडे आधीच पडली होती; परंतु तिचा राजमार्ग अजून व्हावयाचा होता.

जुन्या विचारांच्या ख्रिस्ती मंडळींची या बाबतीतील भूमिका समजून घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की कला ही रिकामे भांडे नव्हे. ज्या अभंगाच्या चालीवर पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाचे नाव घेतले गेले, ती चाल कानी पडताच मन जुन्या देवाकडे धाव घेणार. नव्याने आलेल्या भोळ्या माणसाची श्रद्धा अशाने डळमळेल. तेव्हा टाळ, मृदंग, कीर्तन आणि पुराण ही देवळाच्या पायरीवरच ठेवून आत यावे, हे उत्तम. या भूमिकेमागे परक्या रीतीचा अभिमान थोडाफार असेल. पण श्रद्धेची खरीखुरी काळजीही होती. आपल्याकडच्या सनातनी घरांतही सिनेमाच्या चालीवरची आरती ऐकून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, ती याच जातीची नाही काय?

टिळकांची ख्रिस्तनिष्ठा तसूभरही सैल नव्हती. त्या बाबतीत ते कोणाही कडव्या श्रद्धाळूस हार जाणारे नव्हते. साहित्य आणि कला यांनी देवाची सेवा करावी व माणसाला चांगले करावे, नुसता शब्दांचा खेळ मांडू नये, हेही त्यांच्या रचनेतून पदोपदी जाणवते. परंतु ज्याची श्रद्धा पक्की, त्याला टाळाचे भय कशाचे? वाणी ही देवानेच दिलेली, सूरही त्याचाच. मग ज्या मातीत देवाने आपल्याला जन्मास घातले, तिच्याच वाणीत त्याला हाक मारली तर तो ओळखणार नाही काय? त्यांनी तर याच्याही पुढे पाऊल टाकले. येशूपूर्वीच्या संदेष्ट्यांची वाणी जशी यहुदी लोकांस जुना करार झाली, तसाच महाराष्ट्राच्या संतांची वाणी हा आपला जुना करार होय, असे त्यांनी मानले. एका निष्ठावंत ख्रिस्ती उपदेशकाने ज्ञानोबा-तुकोबांना दिलेले हे स्थान लहान नव्हे. त्याबद्दल त्यांना स्वकीयांचा रोषही पत्करावा लागला.

या विचारास तीनशे वर्षांपूर्वीचा एक मोठा आधार होता. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला. त्याने मराठी आत्मसात केली आणि पुराणांच्या धर्तीवर जवळजवळ ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. गोमंतकातील ख्रिस्ती लोक ते पुराणाप्रमाणेच वाचीत व ऐकत. परंतु पुढे राज्यकर्त्यांची दृष्टी फिरली. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. भाषा हिरावली की भक्तीही परकी होते, हा धडा त्या इतिहासात आहे.

टिळकांनी ओवीला आणि अभंगाला पुन्हा ख्रिस्ताच्या दारी मानाने नेऊन बसविले. त्यांनी शेकडो भक्तिगीते रचली. ‘अभंगांजली’त त्यांच्या अंतरीची आर्तता अभंगरूपाने प्रकटली. स्वतः उभे राहून त्यांनी कीर्तने केली. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, पेटी, सर्व थाट आपल्या हरिदासाचा, आख्यान मात्र येशूचे. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले, पण ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. ते पुढे नेले कोणी, तर लक्ष्मीबाईंनी! लग्नाच्या वेळी ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना टिळकांनीच लिहावयास शिकविले, त्यांनी पतीमागे ते काव्य अध्यायामागून अध्याय रचीत जवळजवळ सिद्धीस नेले.

फुलांचा आणि मुलांचा कवी

टिळकांची ओळख केवळ धर्मकवी म्हणून करून देणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ या काव्यांनी आधुनिक मराठी कवितेत त्यांचे स्थान पक्के केले. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता शाळेच्या पुस्तकात वाचून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांपैकी कितीजणांस कवीचा धर्म ठाऊक होता? करुणेला तो विचारण्याची आवश्यकता वाटली नाही. फुले आणि मुले यांवर त्यांची अशी माया, की फुलामुलांचे कवी हेच नाव त्यांना चिकटले.

१९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले. तेथे एका कोवळ्या मुलाच्या कवितेने सारी सभा मोहून गेली. तो मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. टिळकांनी त्या मुलाला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलाप्रमाणे जेवू घातले, रागावले आणि समजावले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. पण त्या ख्रिस्ती घराने एका हिंदू मुलाच्या प्रतिभेला छाया दिली, हे मराठी काव्यावरील मोठेच ऋण आहे. १९१८ च्या मे महिन्यात बालकवींचा रेल्वे अपघातात अंत झाला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने टिळकही गेले.

देवाचा दरबार

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे होते. मान होता, नियमित वेतन होते. परंतु वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर जुनी तळमळ पुन्हा उसळली. मिशनचे वेतन घेऊन ख्रिस्ताची सेवा करणारा माणूस आपल्या लोकांच्या दृष्टीस नेहमी परक्याचा चाकरच दिसणार, हे शल्य त्यांच्या मनात होते. या भूमीत देवाचे नाव सांगावयाचे तर ते अकिंचन होऊनच सांगितले पाहिजे; संतांनी तसेच केले. १९१७ साली त्यांनी वेतनावर पाणी सोडले आणि संन्यस्त वृत्ती पत्करून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे येशूचे सर्व भक्त त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. चर्चच्या चौकटीत वावरलेल्या मंडळींना ती पचणे कठीण होते, आणि हिंदू समाजालाही ती पुरती उमगली नाही. दोन्ही तीरांवरून लोक पाहत राहिले. टिळक मात्र मध्यावरच्या सेतूवर उभे होते.

तो दरबार भरास येण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईस आणण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. आपल्या देहास अग्निसंस्कार व्हावा, अशी त्यांनी इच्छा व्यक्त करून ठेवली होती. त्याप्रमाणे त्यांचे दहन झाले आणि रक्षा नगरला नेऊन तिथे समाधी बांधण्यात आली. आयुष्यभर येशूचे नाव घेणारा हा पुरुष पूर्वजांच्या रीतीने अग्नीच्या स्वाधीन झाला.

टिळक आपल्याला सोडून गेले, असे त्या काळच्या समाजाने मानले, आणि त्या दुःखास कारणही होते. परंतु आज शंभराहून अधिक वर्षांनी मागे वळून पाहता मनात येते, की जाताना त्यांनी काय काय उराशी धरून नेले! ओवी नेली, अभंग नेला, कीर्तन नेले, तुकोबांवरचे प्रेम नेले. जे टाकले ते उच्चनीच भावाचे गाठोडे, जे संतांनीही टाकावयास सांगितले होते. घरात राहून आपण हा वारसा त्यांच्याइतक्या निष्ठेने जपतो काय, हा प्रश्न एकादशीच्या दिवशी स्वतःस विचारण्याजोगा आहे.

वरळीच्या नव्या इमारतींत आता पॅसेजऐवजी लिफ्टसमोरची मोकळी जागा असेल आणि दारे पूर्वीपेक्षा अधिक घट्ट मिटत असतील. तेथेही आज पेटीचा सूर लागेल. भजनकऱ्यांनी आपले दार उघडे ठेवावे. सूर शेजाऱ्याच्या घरात गेला, आणि तेथे तो दुसऱ्याच नावाने आळवला गेला, तरी विषाद मानण्याचे कारण नाही. पंढरीच्या वाळवंटात कोणाच्या तोंडी कोणते नाव आहे, याची मोजदाद चंद्रभागेने कधी ठेवलेली नाही.